नातीचं तोंड

संक्रांत तोंडावर आली आणि गोजरबाईच्या पायाला भिंगरी लागली. बसली की उठायची, उठली की अंगणात जायची, अंगणात गेली की कशाला आले तेच विसरून परत चुलीपाशी यायची. आप्पाराव बाजेवर बसून हे सगळं बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा जे शिकतो तेच त्यांनी केलं. गप्प राहिले.

झरीहून फोन आला होता. सुनेच्या माहेरी नातीचं बोरन्हाण ठरलं होतं आणि विहीण धुरपताबाईंनी 'जमलं तर या' असा निरोप दिला होता. जमलं तर! सख्ख्या आजीला असं बोलवायचं, गल्लीतल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवल्यासारखं. ते दोन शब्द सकाळपासून गोजरबाईच्या डोक्यात डब्यातल्या खड्यासारखे खडखडत होते.

पण चिडणार तरी कोणत्या तोंडानं? पहिलं बाळंतपण माहेरी, ते ठीकच. तिसरा महिना सरला की लेकरू बापाच्या घरी यायचं, अशी रीत. नात भक्तीला सहावा सरत आला, उशांच्या टेक्यानं बसायला लागली, तरी सून पंकजा सासरी पिंगळीला यायचं नाव काढत नव्हती. लेक परमेश्वर परभणीतल्या गॅरेजवरून परस्पर झरीला जायचा आणि तोंड पाडून घरी यायचा. परवा तर तो आईवर भडकलाच.

"माय, एकडाव तरी लेकराकडं नीट बगायचं व्हतं की! पंकजा म्हनती, जिला नातीचं तोंड बगवत न्हाई, तिच्या घरी मी लेकरू कामून आनू?"

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला आणि म्हशीला वैरण टाकायला निघून गेली. म्हशीनं आधीची वैरणही अजून संपवली नव्हती.

झालं होतं ते असं. बारशाला गोजरबाई चांदीचे वाळे, टोपडं, खारीक-खोबरं असं सगळं घेऊन झरीला गेली. घरभर बायका. धुरपताबाईंनी लेकरू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. आता आजी तोंड बघणार, गालावरून हात फिरवणार, वाळे घालणार, म्हणून सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. गोजरबाईनं एकदा खाली बघितलं, मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. बराच वेळ बसली. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. वाळे घातले तेही बाहेर बघतच. "पोरगी झाली न्हवं, मन बसना म्हातारीचं," असं कुणीतरी सैपाकघरात म्हणालं, आणि असलं बोलणं बाळंतिणीच्या खोलीत पोचायला वेळ लागत नाही.

पुढं व्हिडिओ कॉल सुरू झाले. परमेश्वर मोबाईल आईच्या तोंडापुढं धरायचा. पंकजा तिकडून लेकराला नाचवायची आणि तिला दिसायचा सासूचा कान. सासू आपली भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणतेय, "बाई गं माजी! किती गुनाची!" घड्याळाचं एवढं कौतुक कुठल्या सुनेला सहन होईल?

आता खरं सांगायला हवं. गोजरबाई खिडकीबाहेर बघत नव्हती. ती नातीलाच बघायला धडपडत होती.

गेल्या उन्हाळ्यात तिला ज्वारी निवडताना खडे दिसेनात. मग माणसांची तोंडं पुसायला लागली. समोरच्याकडं बघावं तर त्याचे खांदे असायचे, हात असायचे, डोक्यावरची टोपीसुद्धा असायची. मधलं तोंड तेवढं कुणी फडक्यानं पुसून घेतल्यासारखं. मोतीबिंदू असेल म्हणून आप्पारावांनी तिला परभणीला दाखवलं. डॉक्टरीणबाई चांगली होती. तिनं समजावून सांगितलं.

"आजी, तुमचा डोळ्याचा पडदा मधोमध झिजलाय. कडा शाबूत आहेत. चालाल, फिराल, पूर्ण आंधळ्या काही होणार नाही. पण जिथं नजर लावाल तेवढंच नेमकं दिसणार नाही. म्हणून बघायचं असेल त्याच्या जरा बाजूला बघायचं."

"बाजूला बगून कसं कळल ते काय हाय?"

"कळतं. एकदा ओळखीची झालेली वस्तू डोळ्याच्या कोणत्याही कोपऱ्यात आली तरी डोकं तिला ओळखतं. फक्त कडेला ती मोठी हवी, सुटी हवी. चार वस्तू खेटून आल्या की सगळी कालवाकालव. सवय करा, जमेल."

नव्या वस्तूचं काय, हे विचारायचं गोजरबाईला तेव्हा सुचलं नाही. पंकजाला तेव्हा सातवा महिना होता.

परतीच्या एसटीत बसल्या बसल्या तिनं नवऱ्याला लेकाची आण घातली. "परमेश्वरला सांगायचं न्हाई. त्यो पंकजाला सांगल. आंदळ्या बाईच्या हातात लेकरू कोन देतंय?" आप्पारावांनी आण घेतली आणि घरी आल्यावर बायकोची शाळा सुरू केली. ओट्यावर एक वस्तू ठेवायची आणि विचारायचं, हे काय? गोजरबाई निंबाच्या झाडाकडं बघून सांगायची, तांब्या. हे? खुरपं. अन् हे? "तुमचं टक्कल, दुसरं काय!" सुटा तांब्या ती चटकन ओळखायची. तोच तांब्या मांडणीवर भांड्यांच्या रांगेत गेला की रांगेत विरघळून जायचा. माणसांचंही तसंच. आप्पारावांची मिशी डोळ्याच्या कडेला आली की बाकीचा आप्पाराव तिच्या मनातून आपोआप भरून निघायचा. परमेश्वरचं कपाळ, पंकजाच्या गालावरची खळी, सगळं आधीचं साठवलेलं होतं, त्यातलं जरासं दिसलं तरी भागायचं. नातीचं काहीच साठवलेलं नव्हतं. मांडीवर घेऊन कितीही तिरकं बघितलं तरी पिठाच्या उंड्यासारखं काहीतरी गोल, उबदार आणि हलणारं, एवढंच.

म्हणून ती बारशाला इतका वेळ खिडकीकडं बघत राहिली होती. आता दिसेल, मग दिसेल.

बोरन्हाणाच्या दिवशी नवराबायको दुपारीच झरीला पोचले. गोजरबाईनं मनाशी सगळं ठरवलं होतं. लेकराला कुठं बसवतात ते आधी बघून ठेवायचं. जागा पक्की ध्यानात ठेवायची. मग नजर कुठंही असो, हात बरोबर तिथं जायला हवेत. रस्ताभर ती हेच घोकत आली आणि आप्पारावांना दोनदा विचारून झालं, "तिथं माज्या तोंडून काई निसटलं तर मला चिमटा काढताल ना?"

अंगणात मोठी चादर अंथरली होती. भक्तीबरोबर गल्लीतल्या आणखी दोन लेकरांचं बोरन्हाण उरकून घ्यायचं होतं, त्यात शेजारच्या सविताचा मुलगाही. तिन्ही लेकरांना काळी झबली. गळ्यात, डोक्यात, हातात हलव्याचे पांढरे दागिने. उशांच्या टेक्यानं ओळीनं बसवलेली.

"आमची भक्ती कुटं बसवली?" गोजरबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ही काय, दाराकडंला," धुरपताबाई तुटकपणे म्हणाल्या. समोर असलेलं लेकरू कुठंय म्हणून विचारते ही बाई.

दाराकडंला. गोजरबाईनं गाठ बांधून घेतली. मधल्या वेळात तिनं चहा घेतला, बशी नीट खाली ठेवली, दोन पायऱ्या उतरून मोरीवर हात धुऊन आली, वाटेतली परात चुकवली. तिचा जीव थोडा भांड्यात पडला. होईल आजचं निभावून.

इकडं सविताचं पोरगं किरकिर करायला लागलं. त्याच्या तोंडावर ऊन येत होतं. कुणीतरी बाईनं त्याला उचलून दाराकडच्या सावलीत आणलं आणि भक्तीला सरकवून मधे बसवलं. लेकरांच्या जागा अशा दिवसभर बदलतात, त्याची कुणी दवंडी देत नाही. सविता आपल्या मुलाचं नाक पुसायला बरोबर दाराकडं सरकली, तिसऱ्या लेकराच्या आईनं आपल्या लेकराचं टोपडं सारखं केलं. कोणतीही बाई क्षणभरसुद्धा अडली नाही. त्यांची लेकरं कुठंही बसवा, तीच राहत होती. गोजरबाईची नात एक हात सरकली आणि नाहीशी झाली.

पंकजा ओवाळायचं ताट आणायला आत गेली होती. धुरपताबाईंनी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या भरलेलं माप गोजरबाईच्या हातात दिलं. "पयला मान आजीचा. घाला."

गोजरबाईनं चादरीकडं बघितलं तर मधे नुसता धूर. तिनं नजर उंबऱ्याकडं नेली. कडेला काळं-पांढरं, काळं-पांढरं, काळं-पांढरं, एकात एक मिसळलेलं. चुरमुऱ्यांवर टपलेली पोरं भोवती रेटारेटी करत होती. मग दाराकडं, दाराकडं असं घोकत ती वाकली आणि माप लेकराच्या डोक्यावर रितं केलं. पोरांनी झडप घातली. हसण्याचा गलका उडाला. गोजरबाईला इतका आनंद झाला की तिनं लेकराच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "दिष्ट लागंल गं माज्या सोन्याला!"

गलका मधेच बंद पडला.

"आत्याबाई," दारातून पंकजाचा आवाज आला. आवाज फार हळू होता. "ते सविताचं हाय."

बोटं मोडलेले हात गोजरबाईच्या कानापाशीच राहिले. शेजारून, अगदी एका हातावरून, एक लेकरू खुदकन हसलं. ते कोण होतं ते तिला आता कळलं.

धुरपताबाईंचा सहा महिन्यांचा राग एकदम बाहेर आला. "बगितलं का गं सगळ्यांनी? सोताची नात मांडीला लागून बसलेली, अन् ह्यांना दुसऱ्याचं पोरगं दिसलं! बारशाला तोंड फिरवलं, फोनवर तोंड फिरवलं, आज तर आमची जिरवलीच. पंकजा, ह्यांच्या घरी जायचं असंल तर खुशाल जा, पर माजी नात न्हाई पाटवायची मी!"

"विहीणबाई, तसं न्हाई..."

"मग कसं हाय?"

गोजरबाईनं आप्पारावांकडं मान वळवली. चिमटा काढायचं काम त्यांचं होतं, पण ते खाली मान घालून उभे होते. तिला वाटलं, उठावं आणि तडक एसटी गाठावी. गप्प राहिलं तर भक्ती मोठी होईल ती हेच ऐकत, की तुझ्या आजीनं तुला ओलांडून शेजारचा मुलगा जवळ केला. आणि बोललं तर? बोललं तर आंधळी म्हातारी म्हणून लेकरू कधीच हातात पडणार नाही. एवढे महिने ती याच दोन भिंतींमधे येरझारा घालत होती आणि आता दोन्ही भिंती पुढं येत होत्या. आंधळी म्हणून घेतलेलं परवडलं, तिला वाटलं. निदान ते खरं तरी आहे.

"मला दिसत न्हाई," ती म्हणाली.

कुणाला काही समजलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. "मला माणसाचं तोंड दिसत न्हाई. कडंचं दिसतंय, मदलं न्हाई. उन्हाळ्यापसून."

धुरपताबाई हसल्या. "वा! आत्ता पायऱ्या उतरून गेलात. परातीला पाय लागला न्हाई. चहा सांडला न्हाई. अन् नातीपाशी आल्यावर दिसंना व्हय?"

"खरं हाय त्ये," आप्पाराव म्हणाले. "मला आन घातली व्हती म्हनून गप बसलो."

"नवरा बायकोच्याच बाजूनं बोलणार की!"

पंकजा मात्र ताट घेऊन तशीच उभी होती. खिडकी, घड्याळ, सासूचा कान, एकेक गोष्ट तिच्या मनात उलटी फिरून बसत होती. तिनं ताट खाली ठेवलं आणि सासूच्या पुढ्यात येऊन उकिडवी बसली.

"आत्याबाई, मी कोन?"

"पंकजा."

"कशावरून?"

"तुजी खळी. कडंला आली की कळती."

"मग मला वळकता अन् हिला न्हाई?"

"तुला आदी बगितलं हाय, बाई," गोजरबाई म्हणाली. "हिला मी कवा बगितलंच न्हाई."

सविता आपलं पोरगं पोटाशी धरून हुंदका दाबत होती. पंकजानं भक्तीला उचललं.

"कसं दिसल ते सांगा. कुटं बसवू?"

"सुटी बसव. एकटी. अन् त्ये हलव्याचं काड बाई, लय गिचमिड व्हतीय."

अंगणाच्या पलीकडं, जिथं काहीच नव्हतं, नुसती चुना दिलेली पांढरी भिंत, तिथं पंकजानं लेकराला पाटावर बसवलं आणि आप्पारावांनी मागून धरलं. मुकुट गेला, हार गेला, बिंदल्या गेल्या. गोजरबाई समोर मांडी घालून बसली आणि तिनं नजर बाजूच्या तुळशीकडं नेली. पांढऱ्या भिंतीवर एक काळा, गोल आकार उमटला. सुटा. कशातही न मिसळलेला. आता...

भक्तीनं आजीकडं बघितलं. आजी तुळशीकडं बघतेय म्हटल्यावर तिथं काहीतरी मजेचं असणार म्हणून तिनंही मान तुळशीकडं फिरवली. गोजरबाईला दिसला एक कान.

"ती बी तिकडंच बगायली," आप्पाराव म्हणाले.

गोजरबाईनं नजर उजवीकडं नेली. लेकराची मान उजवीकडं. डावीकडं, तर डावीकडं. आजी बघते कुठं आणि नात वळते कुठं, दोघींची गाठच पडेना. बघणाऱ्या बायकांत एक हसू फुटलं आणि तिथंच विरलं, कारण म्हातारीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "न्हाई नशिबात."

"थांबा जरा," पंकजा म्हणाली.

ती उठली, सासूच्या पाठीमागं जाऊन तिच्या पाठीला खेटून बसली, आणि तिथून तिनं टाळी वाजवली. "भक्ते! ए भक्ते! इकडं बग, मी कुटं हाय?"

आईचा आवाज आला तशी भक्ती तुळस विसरली. तिनं मान फिरवली आणि आजीच्या खांद्यावरून आईला शोधत सरळ समोर बघितलं. गोजरबाईनं नजर हलवली नाही. तुळशीवरच ठेवली. पंकजा हाका मारत राहिली. कडेच्या त्या गोल आकारात आधी दोन काळे ठिपके स्थिरावले. मग त्यांच्या वरती रुंद कपाळ, परमेश्वरचं, लहानपणी तेल लावलेलं असायचं तसंच. हनुवटीवर लाळ चकाकली. आणि मधे...

"अगं बया," गोजरबाई म्हणाली.

"काय झालं?" पंकजा घाबरली.

"नाक!" गोजरबाई रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "नाक हुबेहूब विहीणबाईचं! बसकं अन् वर फेंदारलेलं. देवा, पोरीच्या जातीला असलं नाक!"

सगळ्यांच्या माना धुरपताबाईंकडं वळल्या आणि धुरपताबाईंचा हात आपसूक नाकावर गेला. मग एकदम हशा पिकला, सविता तर पोरासकट खाली बसली. हे नाक सहा महिने घरात सगळ्यांना दिसत होतं आणि धुरपताबाईंपुढं बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. धुरपताबाईंनी नाकावरचा हात काढून डोळ्यांना लावला.

"दिसलं म्हनायचं बाईला," त्या पुटपुटल्या. "आंदळी असून नेमकं तेच दिसलं."

हसणं ओसरलं. पोरं पुन्हा चुरमुरे वेचायला लागली. पंकजा सासूच्या पाठीमागंच बसून होती. तिचा हात सासूच्या खांद्यावर होता.

"आत्याबाई, मी येते घरी. परवाच येते." ती थांबली. पुढचं तिला जड जात होतं. "पर खरं सांगते, हिला एकटीला तुमच्यापाशी ठिवून मी रानात जानार न्हाई. रांगायला लागंल आता. चूल हाय, हौद हाय. राग मानू नका."

ज्या वाक्याच्या भीतीनं गोजरबाईनं नवऱ्याला आण घातली होती, तेच वाक्य आलं होतं. लागलं. चांगलंच लागलं. पण तिनं मान हलवली, कारण ती आई असती तर तिनंही हेच केलं असतं. समोर पांढऱ्या भिंतीवर ते लहानसं तोंड अजून होतं. ते तिला इतक्यात सोडायचं नव्हतं, म्हणून तिनं नजर तुळशीवरून काढली नाही.

"नको ठिवू," ती म्हणाली. "पर रोज एकडाव अशी माज्या मागं बसशील का?"

पंकजा आणखी जवळ सरकली आणि सासूच्या खांद्यावरून तिनं पुन्हा हाक मारली.